दारातली परकी गाडी

पत्र: सप्रेम नमस्कार. आमचं स्वतःचं बैठं घर आहे. बाजूला एकामागे एक दोन गाड्या राहतील एवढी मोकळी जागा आहे, तीही आमच्याच मालकीची. फाटक नाही. समोर दवाखाना सुरू झाल्यापासून कोणीही येतं, गाडी लावतं आणि 'पाचच मिनिटं' म्हणून निघून जातं. एक करडी गाडी तर रोज सकाळी येते ती संध्याकाळीच हलते. तिचा मालक पलीकडच्या ऑफिसात कामाला आहे असं कळलं. मागच्या आठवड्यात सासूबाईंना तपासणीला न्यायचं होतं. आमची गाडी आत आणि मागे ही. शोधून शोधून पाऊण तासाने तो सापडला. मी बोलले तर म्हणाला, "जागेवर नाव लिहिलंय का तुमचं?" 'नो पार्किंग'ची पाटी लावून झाली, कुंड्या ठेवून झाल्या. लोक कुंड्या उचलून बाजूला ठेवतात. मुलगा म्हणतो, चाकांतली हवा सोडू. दीर म्हणतात, चाकाला लावायचं कुलूप मिळतं ते आणू. यजमान म्हणतात, जाऊ दे, कशाला वाईटपणा घ्यायचा. मला तिघांचंही पटत नाही. सोबत जागेचा फोटो पाठवते आहे. काय करू?
(एक वैतागलेली गृहिणी)

वैतागलेल्या ताई,

तिघांचंही पटत नाही, हे बरंच आहे. तिघेही त्या गाडीचाच विचार करतायत. गाडीला शिक्षा करायची की तिला माफ करायचं, एवढाच त्यांचा वाद. जागेकडे कोणाचं लक्ष नाही. आज उभी असलेली गाडी संध्याकाळी जाणारच आहे, ती उद्या येऊ नये याची तजवीज करायची आहे. तसं ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पण आधी मुलाला आणि दिरांना आवरा, कारण घाई त्यांना आहे.

हवा सोडली की गाडी तिथेच राहते. संध्याकाळी जी आपल्या पायांनी गेली असती ती आता स्टेपनी, पंप, मित्र, आरडाओरडा असं सगळं होईपर्यंत तुमच्याच दारात. हा झाला सौम्य परिणाम. चाक पूर्ण बसलं नाही, अर्धवटच उतरलं आणि त्याच्या लक्षात आलं नाही, तर तो तसाच हमरस्त्याला लागतो. कमी हवेचं टायर धावताना तापतं आणि फुटू शकतं. मग प्रकरण पार्किंगचं राहत नाही, आणि हवा कोणी सोडली हे शोधायला पोलिसांना फार लांब जावं लागत नाही. काचेवर डिंकाने कागद चिकटवणं, किल्लीने ओरखडा काढणं, वायपर वाकवून ठेवणं हेही त्यातलंच. चूक त्याची असते तोवर तुमची बाजू भक्कम असते. त्याच्या गाडीला हात लागला की दोघेही आरोपी.

दिरांचं कुलूप त्याहून अवघड. कुलूप लावून पैसे मागणं हा जगात अनेकांनी धंदा करून पाहिला आणि कायद्याने तो ठिकठिकाणी मोडून काढला. स्कॉटलंडच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९९२ मध्ये याला सरळ चोरी आणि खंडणी ठरवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्यापासून खाजगी जागेत दुसऱ्याची गाडी कायदेशीर अधिकाराशिवाय जखडणं किंवा ओढून नेणं हा गुन्हा आहे, मग जागा तुमच्या मालकीची असली तरी. उलट जर्मनीत तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की खाजगी जागेत घुसलेली गाडी मालक लगेच उचलून नेववू शकतो आणि खर्चही वसूल करू शकतो. खर्च वाजवी हवा, असंही त्याच न्यायालयाने पुढे बजावलं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये गाडी उचलण्याची आणि चाकाला कुलूप घालण्याची तरतूद आहे, पण तो हुकूम द्यायचा गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने, घरमालकाने नव्हे. एकाच कृत्याला एके ठिकाणी परवानगी आणि दुसरीकडे शिक्षा. म्हणून 'मी असं असं केलं आणि तो परत आला नाही' हे कोणाचं ऐकून काही करू नका. सांगणारा कुठल्या गावचा, हे आधी विचारावं.

आणखी एक मोह होईल, म्हणून सांगून ठेवते. आपली गाडी त्याच्या मागे लावून त्याला कोंडायचा. बघणाऱ्यांना मजा येते, पण तुम्ही त्याच्याबरोबर दिवसभर अडकता. त्याच्या घरून नेमका त्याच दिवशी तातडीचा निरोप आला, तर अडवणूक तुम्ही केली असं होतं. 'आम्हालाही पाऊण तास अडकवलं होतं' हे त्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

आता जागेकडे येऊ. पहिला प्रश्न जरा बोचेल: ती जागा खरोखर पूर्ण तुमची आहे ना? घरापुढचा एखादा पट्टा आपण वर्षानुवर्षं झाडतो, धुतो, तिथे गाडी लावतो आणि मोजणी झाली की तो रस्त्याच्या हद्दीत निघतो. तुमच्या फोटोत जागेचा पुढचा तीन-चार फुटांचा भाग डांबरी आहे आणि मागे फरशी. हद्द कुठे संपते, ते कागदावर आणि प्रत्यक्ष टेप लावून बघा. रस्त्याच्या हद्दीत खांब किंवा साखळी लावलीत, तर अतिक्रमण तुमचं ठरेल आणि पहिली तक्रार तो करडी गाडीवालाच करेल. जागा भावकीत सामाईक असेल तर बाकीच्यांची लेखी संमती घ्या. या एका कामाला दोन-तीन दिवस लागले तरी लागू देत. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

कागद नीट निघाले, की पाटी. तुमची पाटी फोटोत दिसते आहे. म्हणजे, तिचा वरचा कोपरा दिसतो आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतला छापील कागद मागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर लावलाय आणि त्याच्यापुढे गाडी उभी आहे. पहिल्याने गाडी लावली की दुसऱ्याला पाटी दिसतच नाही. पहिल्याला दिसते, पण तोवर तो वळून आत आलेला असतो, आणि आत आलेला माणूस पाटी वाचून परत जात नाही. पाटी हवी तोंडाशी, रस्त्यावरून वळायच्या आधी डोळ्यांत भरेल अशी. अक्षरांसाठी पाट्या करणाऱ्यांचा ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. तीस फुटांवरून वाचता यायला हवी असेल तर तीन इंच. कागदावरच्या छपाईचं इथे काम नाही.

आणि मजकूर बदला. 'नो पार्किंग' आपण सगळीकडे वाचतो आणि सगळीकडे दुर्लक्ष करतो. कोणाचं, का, कधी, काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'खाजगी जागा. घरातली गाडी केव्हाही बाहेर काढावी लागते. येथे वाहन लावू नये.' जवळपास गाडी लावायची रीतसर सोय असेल, तर खाली बाण काढून तेही लिहा. बहुतेक लोक उद्धट नसतात, घाईत असतात. कुठे लावायची ते कळलं की पुष्कळजण तिकडे जातात. 'चाकांतली हवा सोडली जाईल' असली धमकी मात्र लिहू नका. ती खरी केलीत तर फसाल, नाही केलीत तर पाटी खोटी पडेल, आणि तिसऱ्या कोणी हवा सोडली तरी नाव तुमचंच येईल, तेही तुमच्याच अक्षरात.

कुंड्यांचं का फसलं तेही सांगते. जी वस्तू दोन हातांनी उचलता येते ती उचलायचीच असते असं लोक धरून चालतात. वर कुंडी फुटली तर भांडण कुंडीचं होतं. साखळी बरी, पण तिला जपावं लागतं. अंधारात गुडघ्याच्या उंचीची साखळी दिसत नाही आणि सायकलवरचं पोर तिच्यावर जाऊन आदळतं. लावायचीच तर तिच्यावर रेडियमची पट्टी हवी आणि मधोमध लोंबती पाटी.

मला विचाराल तर आडवा पाडता येणारा लोखंडी खांब बसवा. बुडाशी बिजागरी असते, कुलूप काढलं की खांब जमिनीवर झोपतो, त्याच्यावरून गाडी आत जाते, मग पुन्हा उभा करायचा. फोटोवरून तुमच्या जागेचं तोंड दहा फुटांच्या आसपास वाटतं. बरोबर मधोमध एक खांब आला की दोन्ही बाजूंना पाच फुटांहून थोडी कमी फट राहते. एवढ्या फटीतून चालत जाता येतं, सासूबाईंची चाकाची खुर्ची लागली तर ती जाते, दुचाकी जाते. चारचाकी, लहानातली लहान असली तरी, दोन्ही आरसे धरून जात नाही. एक खांब पुरतो, दोन लावून पैसे घालवू नका. पण घेण्याआधी दुकानात स्वतः खांब उचलून बघा. रोज सकाळी वाकून तो उभा कोण करणार, मुलगा की तुम्ही? जड निघाला तर महिनाभरात तो कायमचा आडवा राहील आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. किल्ली घरात दोघांकडे असू द्या आणि एक दाराजवळच्या खिळ्याला, म्हणजे रात्री रुग्णवाहिका आली तर किल्ली शोधण्यात वेळ जायला नको.

एवढ्याने दवाखान्याची गर्दी बरीचशी थांबेल. तरी एकदा दवाखान्यात जाऊन या. डॉक्टरांना भेटायची गरज नाही, बाहेर नावं लिहून घेणारी जी व्यक्ती बसते तिला भेटा. नंबर कधी लागेल, गाडी कुठे लावू, हे लोक तिलाच विचारतात. गर्दीची वेळ टाळा, आवाज खाली ठेवा आणि मागणी छोटी ठेवा: वेळ देताना 'समोरच्या घराच्या जागेत गाडी लावू नका' एवढं सांगाल का, आणि कोणी लावलीच तर मी नंबर सांगितल्यावर आत पुकाराल का? बहुतेक जागी हे दोन्ही आनंदाने करतात, कारण शेजाऱ्यांची कटकट त्यांनाही नको असते. तिथे मी तुमच्या जागी असते तर एक सवलत स्वतःहून दिली असती: चालता न येणाऱ्या पेशंटला उतरवण्यापुरती गाडी आत आली तर हरकत नाही, उतरवून लगेच बाहेर न्यायची. माणुसकी म्हणून तर खरंच, पण यातून 'ही जागा आमची, आम्ही परवानगी देतो' हेही न भांडता सांगून होतं.

आता करडी गाडी. हा गृहस्थ वेगळा. त्याला पाटी दिसली आहे, जागा कोणाची ते ठाऊक आहे, आणि तुम्ही काय कराल याचा अंदाजही त्याने बांधला आहे. अंदाज असा की बाई चार शब्द बोलतील आणि गप्प बसतील. त्याच्याशी बोलायचं ते संध्याकाळी तो निघताना नाही. तेव्हा त्याचं काम झालेलं असतं, तुमचं बोलणं म्हणजे नुसता राग, तो काच वर करून निघून जातो. सकाळी बोला, तो येतो तेव्हा, इंजिन बंद व्हायच्या आत. चालू गाडी मागे घेणं सोपं असतं. एकदा उतरून दार लावलं की प्रत्येकाला ती तिथून हलवणं अपमानाचं वाटतं.

काय बोलायचं? "ही जागा आमची आहे. आजपासून इथे गाडी लावता येणार नाही." बस्स. कारण सांगू नका. सासूबाई, तपासणी, मागच्या आठवड्यातला प्रसंग, काहीही नाही. कारण दिलं की तो त्यावर तोड काढतो: "एवढंच ना? माझा नंबर घ्या, लागेल तेव्हा फोन करा, दोन मिनिटांत काढतो." हे ऐकायला इतकं समजूतदार वाटतं की भले भले नंबर लिहून घेतात. आणि त्या दिवसापासून त्याची गाडी तुमच्या दारात हक्काने राहते आणि तुम्ही फोन करून त्याला विनंती करता. तुमच्या घरात तुम्हीच त्याच्या पार्किंगच्या राखणदार! नंबर नको म्हणा. "फोन करायची वेळच यायला नको, गाडी दुसरीकडे लावा." तो पुन्हा 'नाव लिहिलंय का' म्हणाला, तर 'हो, सातबारापासून घरपट्टीपर्यंत' असं काहीतरी झणझणीत तुमच्या जिभेवर येईल. गिळा. तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणा. बरोबर यजमानांना उभं करा, बोलले नाहीत तरी चालेल. मुलाला मात्र घरातच ठेवा.

तरीही गाडी लावलीच तर लेखी. वायपरखाली साधा कागद, चिकटवायचा नाही: तारीख, गाडीचा नंबर, 'ही आमची खाजगी जागा आहे, तुम्हाला अमुक तारखेला तोंडी सांगितलं आहे, यापुढे वाहन लावू नये', खाली सही. कागद ठेवल्यावर गाडीसकट फोटो काढा. फोटोत नंबरप्लेट, घराचा दरवाजा आणि पाटी एकाच चौकटीत यायला हवीत. नुसत्या नंबरप्लेटचा फोटो कुठल्याही गल्लीतला असू शकतो. रोजचा एक फोटो आणि वहीत एक ओळ पुरे. आठवड्याभराचं साठलं की पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो ज्या ऑफिसात जातो तिथल्या व्यवस्थापकालाही त्याच अर्जाची प्रत द्यायला हरकत नाही. माझा अनुभव असा, की गाडीवाले पोलिसांपेक्षा साहेबाच्या टेबलावरच्या कागदाला जास्त बिचकतात. फोटो गल्लीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. गाडी मित्राची असते, विकलेली असते, भाड्याची असते, आणि बदनामी भलत्याच माणसाची होते.

पोलिसांकडून काय अपेक्षा धरायची तेही माहीत असू द्या. गाडी नुसती तुमच्या जागेत उभी असेल तर 'हा दिवाणी मामला आहे' हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि ते अगदीच टाळाटाळीचं नसतं. पण घरातून रस्त्यावर यायची वाट अडली असेल आणि आत आजारी माणूस असेल, तर ती वेगळी गोष्ट. फोनवर पहिलं वाक्य तेच सांगा: "घरात आजारी वृद्ध आहेत, दवाखान्यात न्यायचंय, बाहेर पडायची वाट बंद आहे." गाडी कोणाची, किती दिवसांपासून, तो काय म्हणाला, हे सगळं नंतर. आणि अशा वेळी पाऊण तास त्या माणसाला शोधत फिरू नका. दुसरं वाहन बोलवा आणि सासूबाईंना न्या. त्याला घरातलं कोणीतरी नंतर शोधेल.

कधी अशीही गाडी येईल जी दोन-तीन दिवस कोणी हलवतच नाही. ओळखीचं कोणी नाही, काचेवर धूळ. तिला ढकलू नका, उघडून बघू नका. नंबर पोलिसांना कळवा. चोरीची असू शकते.

राहिले यजमान. त्यांना वाईटपणा नको आहे, आणि स्वभाव म्हणून ते चांगलंच आहे. पण गप्प राहणं वाटतं तेवढं निरुपद्रवी नसतं. दुसऱ्याच्या जमिनीचा वापर उघडपणे, हक्क समजून, कोणी हरकत न घेता वर्षानुवर्षं चालला, तर त्यातून वहिवाटीचा हक्क उभा राहू शकतो. इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्यात आणि भारताच्या १८८२ च्या इझमेंट कायद्यात वाटेसारख्या हक्कांसाठी ही मुदत २० वर्षांची आहे. गाडी उभी करण्याचा हक्क असा मिळतो की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतील. करडी गाडी उद्या मालक होणार नाही, त्यांना घाबरवू नका. पण यातली गंमत अशी की हा हक्क परवानगीने मोडतो. तुम्ही कोणाला 'लाव बाबा' म्हणून परवानगी दिलीत, तर तो तुमच्या मर्जीवर आला, त्याचा हक्क सांगणं संपलं. म्हणजे यजमानांना शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना किंवा एखाद्या ओळखीच्याला जागा द्यायची असेल, तर खुशाल द्यावी. फक्त दोन ओळी लिहून द्यावी: अमुक यांना अमुक काळापर्यंत आमच्या परवानगीने, केव्हाही रद्द करता येईल. चांगुलपणा कागदावर आला म्हणून कमी होत नाही. चांगुलपणा कोणाशी करायचा ते तुम्ही ठरवता, एवढाच फरक.

खांब बसला की करडी गाडीवाला एकदा तरी दारात थांबून विचारेल, "मग मी आता कुठे लावू?" तुम्ही चांगल्या घरातल्या आहात, तुम्हाला लगेच त्याच्यासाठी जागा सुचवाविशी वाटेल. सुचवू नका. ऑफिस त्याचं, गाडी त्याची.

आणि फोटोत डाव्या बाजूला नळाचं कोंडाळं दिसतंय. खांबासाठी दीड-दोन फूट खणावं लागेल, तर पाण्याची नळी कुठून गेली आहे ते आधी प्लंबरला विचारून घ्या. खड्ड्यात काँक्रीट ओतल्यावर आठवडाभर त्याच्यावर गाडी नेऊ नका. तेवढे दिवस दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोरी बांधा आणि नवी पाटी त्याच दोरीला अडकवा.